राखणदाराचा वाटा

दर्शना खवणेकर ही काही विनोदी बाई नव्हती. प्रयोगशाळेतली मंडळी तर म्हणत, बाई हसल्या तर त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करून ठेवावी. पण आंबेवेळच्या गावसभेत तिनं एकदा विनोद केला, अख्खं गाव त्यावर खदखदून हसलं, आणि तोच विनोद पुढं तिच्या मुळावर आला.

सभा बोलावली होती प्रवाळघरासाठी. आंबेवेळसमोर समुद्रात देवखडक आहे. त्याच्या पायथ्याशी प्रवाळांची बाग होती, जांभळी, पिवळी, मधूनच शेवाळी. एकविसावं शतक अर्ध्यावर आलं तोवर समुद्र इतका तापला, की एकामागोमाग आलेल्या तीन उन्हाळ्यांनी ती बाग उकडून काढली. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. दगडाच्या घरात राहणारे ते इवलेसे जीव असतात, आणि पाणी फार तापलं की ते मरतात. मागं उरतो पांढरा सांगाडा. खालच्या एका थंड घळीत तेवढ्या थोड्या वसाहती जगल्या होत्या. त्यांतल्या काही वर काढून, किनाऱ्यावर मोठ्या टाकीत, थंड केलेल्या खाऱ्या पाण्यात जपायच्या, अशी दर्शनाची या प्रवाळघराची योजना होती. दर्शना याच गावची, गाबितांची, म्हणजे मासेमारांची मुलगी. पुण्याला जाऊन सागरी जिवाणूंवर डॉक्टरेट करून आली होती. आणि तिच्यासाठी त्या वसाहती पाण्याखालून हातानं उचलून आणल्या होत्या तिच्या वडिलांनी, जनार्दन खवणेकरांनी. सगळा गाव त्यांना जनातात्या म्हणे. कालवं आणि शेवंडी काढायला बुड्या मारण्यात त्यांची हयात गेलेली.

गावाचा विरोध टाकीला नव्हता, समुद्रातून पाणी ओढणाऱ्या पाइपालाही नव्हता. विरोध वेगळाच होता, आणि तो गावकार, म्हणजे गावचे मानकरी, गुणाजी परबांनी उभं राहून मांडला.

"दर्शना, तू आमचा चेडू. शिकलंस, मोठा झालंस, आमका बरा वाटला. पण देवखडकाक राखणदार आसा. तेचा सामान तेका न इचारता उचललंस. आता गावावर काय इला तर जबाबदार कोण?"

कोकणात प्रत्येक जागेला राखणदार असतो. तो दिसत नाही, पण वर्षातून एकदा त्याचा वाटा त्याला द्यावा लागतो. कोंबडा, नारळ, विडी आणि दारू. यालाच राखण देणं म्हणतात. तो दिला की तो जागा राखतो, न दिला तर मग काही खरं नाही. दर्शनानं पुण्याहून आणलेली सगळी भाषणं खिशात ठेवली आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"गुणाजीकाका, राखणदाराक मी थय एकटो सोडून येतलंय काय? तेकाय घेऊन इलंय. टाकयेत आसा तो. रोज तेका वायच वायच दारू पाजतंय, आणि ती पिऊन तो माजा पाणी सोवळा ठेवता."

"खयची पाजतंस? काजूची?" कोणीतरी विचारलं.

"तिच्यापेक्षा कडक!"

सभा हसली, गुणाजी हसले आणि पाइपाला परवानगी मिळाली. जनातात्या मात्र हसले नाहीत. ते लेकीकडं कौतुकानं बघत होते. त्यांना वाटलं, शिकून आपली पोर विसरली नाही.

यातली खरी गंमत अशी, की ती खोटं बोललीच नव्हती. ती टाकीला खरोखरच दारू पाजत होती.

बंद टाकीत मासे असतात, त्यांना खाणं घालावं लागतं. खाण्यातून आणि विष्ठेतून पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट साठत जातं. ही दोन्ही खतंच. शेतात घातली तर पीक तरारतं, टाकीत साठली तर शेवाळ माजतं आणि प्रवाळांचा गळा आवळतं. पूर्वी असं झालं की अर्धं पाणी उपसून समुद्राचं ताजं पाणी भरत. पण आता किनाऱ्यानं कोळंबीचे तलाव आणि हॉटेलं इतकी झाली होती, की समुद्राचंच पाणी टाकीपेक्षा घाण. बाहेरून येणारं पाणीही आधी धुऊन घ्यावं लागे.

ते धुण्याचं काम जिवाणू करतात. त्यांना वाढायला नायट्रोजन लागतो, फॉस्फरस लागतो आणि त्या दोहोंहून कितीतरी जास्त कार्बन लागतो. टाकीत पहिले दोन ढिगानं आणि तिसऱ्याचा ठणठणाट. पंगतीत भाताचे डोंगर वाढलेत पण आमटीचा पत्ता नाही, म्हणून मंडळी हात वर करून बसलीत, असा तो प्रकार. मग आमटी वाढायची, म्हणजे पाण्यात थोडा कार्बन सोडायचा. साखर चालते, व्हिनेगर चालतं, सगळ्यांत सोयीचं शुद्ध मद्यार्क. ते मिळालं की जिवाणू भराभरा वाढतात आणि वाढताना पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट आपल्या अंगात ओढून घेतात. मग स्किमर नावाच्या उभ्या नळकांड्यात बारीक बुडबुडे सोडून पाण्याचा फेस काढायचा. फेसाबरोबर जिवाणू वर येतात, ते बाहेर फेकून द्यायचे. घाण गेली, पाणी राहिलं. हौशी लोक घरच्या काचपेट्यांत हा उद्योग पूर्वीपासून करत आलेत.

दर्शनानं त्यात भर घातली ती 'बुभुक्षा'ची. खाडीच्या चिखलातल्या एका जिवाणूपासून पिढ्यान् पिढ्या निवड करत तिनं हे वाण तयार केलं होतं. साधे जिवाणू दिवसभरात जेवढं खातात, तेवढं बुभुक्षा दुपारच्या जेवणाआधी फस्त करी. बुभुक्षेशिवाय त्या घाणेरड्या समुद्रकाठी टाकी एक महिनाही जगली नसती. तिला थेंब मोजून मद्यार्क देण्याचं काम 'मात्रक' नावाच्या यंत्राकडं होतं. ते पाण्याची नाडी सतत धरून असे आणि लागेल तेवढंच देई. हे यंत्र पुण्याच्या असीम दातार नावाच्या तरुण इंजिनिअरचं.

"मॅडम, गावाला एकदा नीट समजावून सांगा," असीम अधूनमधून म्हणे. "तुमचा राखणदार दरवर्षी मोठा होत चाललाय."

"पटलंय ना लोकांना? पाइप टिकलाय ना?" दर्शना म्हणे. "मग राहू दे."

राखणदार खरंच मोठा होत चालला होता. पहिल्या वर्षी गुणाजींनी प्रवाळघराच्या दाराशी एक नारळ फोडला आणि बाटलीभर काजूची ठेवून गेले. दुसऱ्या वर्षी लोकांनी हट्ट धरला, की वाटा दाराशी कशाला, टाकीच्या काठावर द्यायचा. नाही म्हणणं जड होतं. तेव्हा दर्शनानं एक युक्ती काढली. टाकीच्या काठावर एक काळा पाषाण बसवला, त्याला वर खळगा केला आणि खळग्याच्या तळातून एक नळी काढून ती मागच्या अंगणात, जनरेटरच्या आडोशाला ठेवलेल्या पिंपात सोडली. लोक पाषाणावर दारू ओतत, ती दिसेनाशी होई, आणि लोक समाधानानं हात जोडत. राखण झाली की असीम पिंप रिकामं करून टाकी. सापही मेला आणि काठीही मोडली नाही, असं दर्शनाला वाटलं. स्वतःच्या हुशारीवर ती तेव्हा चांगलीच खूश होती.

मग काही वर्षांनी तसाच चौथा उन्हाळा आला, आणि त्यानं घळीतही काही ठेवलं नाही. पाणबुड्या कॅमेऱ्यांनी किनारा वरपासून खालपर्यंत धुंडाळला. सगळीकडं पांढरं. देवखडकाची जांभळी जात आता पृथ्वीवर एकाच ठिकाणी जिवंत होती, आंबेवेळच्या टाकीत. जनातात्या रोज सकाळी टाकीत उतरून मऊ कुंच्यानं काचा पुसत आणि प्रत्येक वसाहतीपाशी जरा थांबत. वर आले की सगळ्यांत लहान वसाहतीबद्दल सांगत, "धाकटी आज बरी फुलली हा." दर्शनाला वडिलांचं हे बोलणं फार आवडे. आई गेल्यापासून दोघांमध्ये बोलायला असं काही उरलं नव्हतं, ते या टाकीनं परत दिलं होतं.

त्याच वर्षी जाळ्यांत मासळी येईनाशी झाली. होड्या किनाऱ्यावर उलट्या पडल्या. गावातल्या लोकांचं म्हणणं पडलं, की समुद्रातले सगळे राखणदार गेले, उरला तो टाकीतला एकच. यंदाची राखण घरटी द्यायची.

राखणीच्या आदल्या आठवड्यात जनातात्या शिडी आणायला मागच्या अंगणात गेले आणि पिंपापाशी थबकले. पिंप कोरडं होतं, पण गेल्या सालचा वास त्याला अजून होता. त्यांनी नळी हातात धरली आणि तिच्या मागोमाग चालत भिंतीपर्यंत आले, मग आत पाषाणापर्यंत. दर्शना तेव्हा पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्रात डोकं घालून बसली होती. ते यंत्र दोन दिवस कुरकुरत होतं.

"गो दर्शना, ही दारू टाकयेत जाणा नाय?"

तिनं मान वर केली. वडिलांचा चेहरा पाहून तिला कळलं, आता थापा चालणार नाहीत.

"नाय बाबा."

"कदीच गेली नाय?"

"नाय."

"म्हणजे इतकी वर्षा आमी तेका फसवलाव."

"बाबा, राखणदार वगैरे काय नाय ओ! मी सभेत मस्करी केलंय." ती उठून त्यांच्यापाशी गेली. "पाण्यात बारीक जीव आसत. डोळ्यांक दिसनत नाय. मशीन तेंका रोज वायच दारू देता. ती खाऊन ते वाढतत आणि वाढताना पाण्यातली घाण खातत. इतक्याच."

जनातात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते विचार करत होते, आणि विचार करताना त्यांना घाई आवडत नसे.

"मगे तू सभेत सांगलंस ताच झाला," ते म्हणाले. "दिसणा नाय, दारू घेता, पाणी राखता. तू तेका जिवाणू म्हणतंस, आमी राखणदार म्हणताव. खोटा काय सांगलंस तू?"

दर्शनाला हसू आलं. युक्तिवाद इतका चोख होता, की विद्यापीठात कुणी केला असता तर तिनं दाद दिली असती.

"बरा, तसा म्हणा."

"मगे मशीन देता ती तेका चलता, आणि गावान आपल्या तोंडातलो घास काढून दिल्यानी ती पिंपात कित्या?"

हा प्रश्न महत्त्वाचा होता. याचं उत्तर एका वाक्यात देता आलं असतं. पण नेमका तेव्हा पुण्याहून यंत्राच्या कंपनीचा फोन आला, आणि सकाळपासून ती त्याचीच वाट पाहत होती.

"मशीन देता तितकी पुरे, बाबा. बाकीचा मगे सांगतंय," असं म्हणून ती फोन कानाला लावून बाहेर गेली.

ते 'मगे' आलंच नाही. यंत्र दुरुस्त झालं, मग राखणीची तयारी सुरू झाली. आणि खरं सांगायचं तर आपण वडिलांना सांगितलंय, त्यांना कळलंय, असंच ती धरून चालली. जिवाणू काय खातात ते तिनं आयुष्यात पुष्कळांना सांगितलं होतं, कारण ते सांगायला मजा येते, त्यात दारू आहे. ते श्वास घेतात हे सांगायचं तिच्याकडून नेहमी राहून जाई.

राखणीच्या दिवशी ऊन कडक होतं. सकाळपासून लोकांची रीघ लागली. पाषाणाभोवती हार, अगरबत्त्या, विड्यांची पुडकी. प्रत्येक घरातून बाटली आली. ज्याला जमलं नाही त्यानं उसनी आणली. गुणाजींनी पटका सावरला आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा, देवखडकाच्या राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं.

"तुजो दर्या रितो झालो, तुजी लेकरा किनाऱ्यार बसली हत. तू एकटो उरलंस आणि आमी उरलाव. आज जो वाटो दिलो हा तो पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकला माकला आसात ता पोटात घाल, आणि जाळ्याक मासो दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाटल्या उपड्या होऊ लागल्या. म्हाताऱ्या बायका खळग्यात दारू ओतून डोळे मिटत, ओठ पुटपुटत. दर्शनाला पहिल्यांदाच ते बघवेना. हे लोक उपाशी आहेत आणि आपण त्यांचं मागणं नळीनं पिंपात सोडतोय, असं तिच्या मनात आलं आणि लाज वाटली. तिनं वडिलांकडं पाहिलं. तेही पाषाणाकडंच बघत होते, पण त्यांनी हात जोडले नव्हते.

मग अंगणात पंगत बसली. कोंबडी, वडे, सोलकढी. असीम आत मात्रकाच्या पडद्यापाशी बसून राहिला होता. त्याचं ताट दर्शनानं झाकून ठेवायला सांगितलं. वडिलांचं पान तिच्या शेजारी मांडलेलं, ते रिकामंच होतं. हात धुवायला गेले असतील, असं ती दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणण्याआधी असीम दारात येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा पाहूनच ती उठली.

"मॅडम, ऑक्सिजन पडतोय. मात्रकानं मद्यार्क केव्हाच बंद केलंय, तरी पडतोय."

आत शिरताच तिला वास आला. काजूच्या दारूचा, गोडसर आणि उग्र. टाकीतलं पाणी, जे सकाळी काचेसारखं होतं, ते तांदळाच्या धुवणासारखं पांढरट झालं होतं. स्किमरचं झाकण उडालं होतं आणि फेस जमिनीवरून वाहत होता. आणि टाकीच्या काठावर, पाषाणाशेजारी, बाह्या भिजलेले जनातात्या हात जोडून उभे होते. पायाशी पिंप आडवं पडलेलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"घेतल्यान गो!" ते तिला पाहून म्हणाले. "बघ, फेस इलो! सगळी घेतल्यान! इतकी वर्षा उपाशी होतो तो!"

आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालं, असं आपण म्हणतो. बुभुक्षेपुढं अख्ख्या गावाचं मद्य एकदम आलं होतं. हावरी म्हणूनच दर्शनानं ती घडवली होती. इतका कार्बन मिळाल्यावर बुभुक्षेनं पाण्यातलं नायट्रेट संपवलं, फॉस्फेट संपवलं, तरी तिचं पोट भरेना. खायचं म्हणजे श्वासही घ्यायचा, आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तो किती असतो? टाकीत आता अब्जावधी तोंडं होती आणि सगळी एकाच हवेवर तुटून पडली होती. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत-मिटत होते. प्रवाळांना वर येता येत नाही.

"बाबा, काय केल्यात ह्या!" दर्शना ओरडली. जन्मात ती वडिलांवर ओरडली नव्हती.

जनातात्या गोंधळून तिच्याकडं पाहत राहिले.

असीमनं राखीव पंप सुरू केले, हवेच्या सगळ्या नळ्या पाण्यात सोडल्या. आकडा पडतच राहिला. "मॅडम, समुद्राची झडप उघडू," तो म्हणाला. "निदान त्या पाण्यात हवा तरी आहे!"

झडपेचं चाक तिच्या हाताशीच होतं. पण पलीकडं तोच समुद्र होता, ज्यानं देवखडक उकडून काढला. ते पाणी आत घेतलं तर प्रवाळ उन्हाळ्यानं मरणार, नाही घेतलं तर गुदमरून मरणार. ती चाकावर हात ठेवून उभी राहिली. आयुष्यभर अशा वेळी तिच्याकडं आकडे असत, आज आकडेही दोन्हीकडून नाहीच म्हणत होते. शेवटी तिनं चाक फिरवलं. कोमट, हिरवट पाण्याचा लोट आत आला. आकडा जरा सावरला. मग उबेनं बुभुक्षेला आणखीच भूक लागली, आणि तो पूर्वीपेक्षा वेगानं खाली गेला. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

"बाहेर काढा!" ती म्हणाली. "हाताला येतील तेवढ्या बाहेर काढा! राखीव हौदात!"

हे ऐकलं मात्र आणि जनातात्यांनी सदरा काढून टाकीत उडी घेतली. काय झालं, का झालं, काही न विचारता. पांढऱ्या पाण्यात हातभरावरचं दिसत नव्हतं, पण त्यांना प्रत्येक वसाहत कुठं आहे ते ठाऊक होतं. ते खाली जात, एकेक उचलून वर आणत, लेकीच्या हातात देत आणि पुन्हा खाली जात. धाकटी त्यांनी सगळ्यांत आधी आणली. तिन्हीसांजेपर्यंत राखीव हौद भरला. बाहेरची पंगत अर्धवट उठून दारात गोळा झाली होती.

पण प्रवाळांच्या अंगाला बुभुक्षा चिकटून आली होती, आणि अंगात श्वास उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांची जांभळी कातडी शेंबडासारखी गळून हौदाच्या तळाशी पडली. दर्शना एकेकीला हात लावून पाहत गेली. शेवटी हात लावायला काही उरलं नाही.

काही दिवसांनी टाकीतल्या जिवाणूंनाही खायला काही राहिलं नाही. ते मेले, स्किमरनं त्यांना बाहेर काढलं. पाणी इतकं नितळ झालं, की तळाची वाळू मोजावी. असीमनं सवयीनं चाचणी घेतली. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. ज्या आकड्यासाठी ती दोघं इतकी वर्षं झटत होती तो समोर उभा होता. असीमनं पडदा बंद केला आणि आठवड्याच्या आत पुण्याला परत गेला. जाताना तो एवढंच म्हणाला, "मी आणखी आग्रह धरायला हवा होता, मॅडम." त्याचं खरं होतं, आणि तिनं ते नाकारलं नाही.

गावानं आपला निकाल लावला. पिंप आणि नळी सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. बाईनं राखणदाराचा वाटा चोरला, वर्षानुवर्षं त्याला उपाशी ठेवलं, म्हणून तो कोपला. जनातात्यांनी शेवटी त्याचं त्याला दिलं, पण फार उशीर झाला. गुणाजी स्वतः घरी येऊन तात्यांच्या पाया पडले आणि दर्शनाकडं न बघता निघून गेले. तिच्या ताटात मासा वाढणाऱ्या बायका आता तिला पाहून वाट बदलू लागल्या.

दर्शनाला हे सोयीचंच वाटलं. दोष आपल्यावर आला आणि बाबा सुटले. चौकशीसाठी मुंबईहून आलेल्या मंडळींनाही तिनं चूक आपली असल्याचं सांगितलं, आणि तेही खोटं नव्हतं. प्रवाळघर बंद करायचं ठरलं. हे असंच राहू द्यावं, बाबांनी आपल्या श्रद्धेत सुखानं म्हातारं व्हावं, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

पण जनातात्या सुखात नव्हते. ते रोज सकाळी सवयीनं प्रवाळघरात येत आणि रिकाम्या टाकीपाशी बसून राहत. एका सकाळी दर्शना पुस्तकं खोक्यात भरत होती, तेव्हा त्यांनी हाक मारली.

"गो, हयसर ये."

ती शेजारी जाऊन बसली.

"गाव म्हणता, राखणदार कोपलो. मी आयुष्यभर देवखडकार बुड्यो मारलंय. कोपलो असतो तर माका कळला असता. तुका ठावक आसा काय झाला ता. सांग माका."

"बाबा, जावंदे."

"सांग म्हणतंय."

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. अर्धं सांगून काय होतं ते तिनं पाहिलं होतं. पुन्हा अर्धं सांगायची तिची छाती होईना. तेव्हा तिनं सगळं सांगितलं. ते बारीक जीव खातात तसे श्वासही घेतात. पाण्यात हवा थोडी असते. जितकी दारू जास्त तितके ते जास्त, आणि जितके ते जास्त तितकी हवा कमी. पिंप रिकामं झालं तेव्हा त्यांनी टाकीतली सगळी हवा पिऊन टाकली, आणि प्रवाळ गुदमरून मेले. राखणदारानं नव्हे. त्या दारूनं.

जनातात्यांनी आपले दोन्ही हात पुढं धरून पाहिले.

"दम कोंडान मेली," ते म्हणाले. "माज्या हातान."

"नाय बाबा, चूक माजी."

"व्हय, तुजीच." ते रागानं बोलत नव्हते, म्हणून ते ऐकणं जास्त जड गेलं. "तू माका दारूचा सांगलंस. घाण खातत ता सांगलंस. ते दम घेतत, ह्या माका कित्या सांगूक नाय? मी अडाणी, बाकी काय कळला नसता. पण दम सरल्यार काय होता, ता माका कळला असता गो. ता माका गावात सगळ्यांपेक्षा आदी कळला असता."

दर्शना ओंजळीत तोंड घालून रडू लागली. लहानपणापासून ती रडली की बाबा तिच्या डोक्यावर हात ठेवत, आणि हात न ठेवता कधी जागचे हलत नसत. आज ते गुडघ्यांवर हात टेकून उठले, पायात चपला सरकवल्या आणि घराच्या वाटेला लागले.